दोन बोटं खाली

डॉक्टर टिपणिसांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. रेवदंड्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवायची नोकरी मला लागली होती आणि नागावला त्यांच्याच वाडीत एक खोली भाड्याने मिळाली होती. पत्र्याची ट्रंक घेऊन फाटकातून आत शिरलो, तर अंगणात एक काळी, उंच, जुन्या वळणाची मोटार उभी. तिच्याखालून पांढऱ्या पायजम्यातले दोन पाय बाहेर आलेले आणि त्या पायांसमोर एक म्हातारा मांडी घालून बसलेला. तो पायांना आपलं दुखणं सांगत होता.

"जेवल्यावर जळजळ होते का?" मोटारीखालून प्रश्न आला.

"व्हय. हितं, छातीत."

"जीभ दाखवा."

म्हाताऱ्याने आज्ञाधारकपणे जीभ काढली. जीभ तशीच बाहेर ठेवून तो पायांकडे बघत राहिला. मग खालून आवाज आला, "बूट वाजले. नवे मास्तर का? जरा त्यांची जीभ बघून सांगा, पांढरी आहे का गुलाबी."

मी ट्रंक खाली ठेवली, जीभ पाहिली आणि पांढरी असल्याचं कळवलं. नागावातलं माझं पहिलं काम ते. म्हाताऱ्याला औषध मिळालं आणि गुणही आला, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर डॉक्टर हयगय करणारे होते असा कोणाचा तरी समज व्हायचा. ते बाहेर आल्यावर त्यांनी त्या म्हाताऱ्याला पुन्हा नीट तपासलं, पोट दाबून पाहिलं, काय खायचं नाही ते तीनदा बजावलं. फक्त तपासताना त्यांच्या गालावर वंगणाचा पट्टा होता आणि तपासून झाल्यावर तसाच एक पट्टा म्हाताऱ्याच्या पोटावर होता.

डॉक्टर उंच, सडपातळ, पुढे किंचित वाकलेले. स्टेथॉस्कोप खिशात ठेवायचा असतो हे त्यांना मान्य नव्हतं, तो कायम गळ्यात. त्याचा उपयोग माणसांइतकाच मोटारीसाठी व्हायचा. इंजिन चालू ठेवून ते बॉनेटला स्टेथॉस्कोप लावत आणि डोळे मिटून ऐकत. तेवढ्या वेळात दवाखान्याच्या बाकावरची माणसं आपोआप गप्प व्हायची.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या अंमलदाराकडून त्यांनी ती मोटार घेतली होती. मोटार चांगली होती, पण उभ्या कपाटाला चाकं लावल्यासारखी दिसायची. आत चढायला पायरी, आणि पायरीवर चढायलाही दम लागे. सरळ रस्त्यावर ती झकास चाले. वळणावर मात्र जवळच्या माणसाच्या कानात काही सांगायचं असल्यासारखी एका अंगाला कलायची.

त्या कलण्यातूनच पुढचं सगळं घडलं, आणि त्याला कारण माई.

माई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. ठेंगण्या, ठसठशीत, कमी बोलणाऱ्या. एकदा बोलल्या की त्यात बदल नाही. मोटार आली त्याच महिन्यात त्या अलिबागला बहिणीकडे निघाल्या होत्या. मांडीवर नारळाच्या दुधातल्या शेवयांचं पातेलं. आक्षीच्या वळणावर मोटार कलली, माई एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत घसरल्या आणि पातेलं त्यांच्या नव्या लुगड्यावर रिकामं झालं. माईंनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरल्या, पदर पिळला आणि म्हणाल्या, "मी परत हिच्यात पाय ठेवणार नाही." मग चालत घरी आल्या.

तेव्हापासून माई कुठेही जायच्या त्या दमणीतून. दमणी म्हणजे छपराची छोटी बैलगाडी. लग्नाकार्याला दोघं निघत तेव्हाचा देखावा मी अनेकदा पाहिला आहे. नागावचा रस्ता दोन्ही बाजूंच्या वाड्यांच्या कुंपणांमधून गेलेला, एका वेळी एकच वाहन मावणारा. पुढे माईंची दमणी, मागे डॉक्टरांची मोटार. हॉर्न वाजवायची सोय नव्हती, कारण त्याने बैल बुजत. डॉक्टर बैलाच्या चालीने बायकोच्या मागे मागे मोटार चालवत आणि माई मागे वळून बघत नसत.

डॉक्टरांनी त्यावर कधी वाद घातला नाही. मला एवढंच म्हणाले, "मास्तर, मुद्दा तिचाच बरोबर आहे. गाडी उंच आहे. गुरुत्वमध्य वर आहे. तो खाली आणायचा."

"मग आणा."

"आणला असता. पण मोऱ्यांचं काय?"

वाड्यांना पाणी देण्यासाठी रस्त्याखालून जागोजाग मोऱ्या नेल्या होत्या आणि प्रत्येक मोरीवर मातीचा उंचवटा होता. गाडी फार खाली आणली तर पोट मोरीला घासणार. तशीच ठेवली तर वळणावर कलणार. रोज रेवदंड्यापासून आक्षीपर्यंत रोगी बघत फिरणाऱ्या माणसाला दोन्ही परवडणारं नव्हतं. डॉक्टरांनी आपली गरज एका वाक्यात बसवली होती आणि ते वाक्य ते येईल त्याला ऐकवत: "खाली बसावी, पण अडून बसू नये."

रेवदंड्याचे हसन मिस्त्री हे डॉक्टरांचे या कामातले जोडीदार. त्यांच्याइतका आशावादी माणूस मी पाहिला नाही. कोणतंही काम सांगितलं की ते म्हणत, "हून जायेल, डाक्टरसाब." न होण्यासारखी कामं असतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मोटारीचं वजन चाकांवर ज्या पोलादी पट्ट्यांवर तोललेलं असतं त्यांना आमच्याकडे पाटे म्हणत. धनुष्यासारखे वाकवलेले, लांबाखाली आखूड असे रचून जुडगा बांधलेला. हसन मिस्त्रींनी जुडग्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एकेक पाटा काढू. एक काढला की दोन बोटं खाली. दोन काढले की चार."

हिशेब डॉक्टरांना पटला. चारही चाकांचे दोन-दोन पाटे निघाले. मोटार खरोखर खाली बसली आणि देखणी दिसू लागली. डॉक्टर तिच्याभोवती हात मागे बांधून फिरले. दुसऱ्या दिवशी चौलच्या एका नारळाच्या व्यापाऱ्याला पाठदुखीसाठी अलिबागला दाखवायचं होतं. शेट भारदस्त, बरोबर शेटाणीबाई आणि मेहुणे. पहिल्याच मोरीवर मोटार चढली आणि मधोमध टेकली. पुढची चाकं एकीकडे, मागची दुसरीकडे आणि गाडी तराजूसारखी डुलायला लागली. शेट मागे टेकले की गाडीचं नाक वर जायचं, पुढे वाकले की खाली यायचं. शेवटी वाडीतले गडी आले आणि शेटांसकट मोटार उचलून पलीकडे ठेवली. उतरताना शेट म्हणाले की पाठ जरा मोकळी वाटते, आता घरीच जातो.

त्या संध्याकाळी डॉक्टर ओटीवर येऊन बसले.

"चूक कळली, मास्तर. पाटा काढला की गाडी खाली येते, पण मऊही होते. मऊ झाली की माणसं बसल्यावर अजून खाली जाते. आम्ही रिकामी गाडी मोजली. रिकामी गाडी रोग्याकडे जात नाही."

आतून माई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तो ठेवून मला म्हणाल्या, "यांना सांगा, आधी एका अंगाला कलायची. आता चहूकडे कलते." हे खरं होतं. मऊ पाट्यांवर ती वळणावर जास्तच झुकू लागली होती.

यानंतर डॉक्टरांनी भरलेली गाडी मोजायला सुरुवात केली आणि गावावर संकट आलं. दवाखान्यात वजनाचा काटा होता आणि गावातल्या बहुतेकांची वजनं त्यांना पाठ होती. ते दारात येऊन बाकाकडे नजर टाकत आणि म्हणत, "मागे डावीकडे एकशेतीस पौंड हवेत. पोस्टमास्तर, तुम्ही या." औषधाला आलेली माणसं मुकाट्याने मोटारीत जाऊन बसत. डॉक्टर खाली वाकून गाडीच्या पोटाखाली नारळ सरकवत. सालासकट असोला नारळ गेला तर मोरीवरून गाडी जाणार. सोललेलाच गेला तर घासणार. पोस्टमास्तर सर्दीचं औषध घ्यायला आले होते. ते खिडकीतून म्हणाले, "डॉक्टर, माझं वजन कमी झालंय, हिशेब चुकेल." डॉक्टरांनी त्यांना खाली उतरवून पुन्हा काट्यावर उभं केलं, मगच परत बसवलं. याच खटाटोपात त्यांचं वजन खरंच का उतरतंय ते शोधून काढलं आणि त्यांना वेळेवर उपचारही मिळाले. मोटारीमुळे बरे झालेले रोगी असे काही कमी नाहीत.

पुढचा प्रयोग लोहाराकडे झाला. पाट्यांची संख्या कमी करायची नाही, नुसता बाक कमी करायचा, असा विचार होता आणि विचार बरोबर होता. लोहाराने पाटे भट्टीत लाल केले आणि ठोकून सपाट केले. पण भट्टीत पोलादाचं पाणी उतरलं आणि पाट्यांतला जोर गेला. सोमवारी मोटार हवी तेवढी खाली होती. असोला नारळ अलगद जात होता. बुधवारी तो अडकला. शुक्रवारी सोललेलाही जाईना. डॉक्टर रोज सकाळी दात घासत घासत अंगणात येत आणि मोटार आणखी थोडी खचलेली पाहून आत जात. सावलीला तिच्याखाली बसणाऱ्या कोंबड्यांनी त्या आठवड्यात जागा बदलली. हसन मिस्त्री आले, बघितलं आणि म्हणाले, "हून जायेल." काय होऊन जाईल ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

त्यांनीच मग कुठल्याशा मोडीत निघालेल्या लॉरीचे पाटे आणले. जाड, कमी बाकाचे, काळेकभिन्न. ते बसवल्यावर मोटार खाली आली, तिथेच राहिली आणि वळणावर तसूभरही कलली नाही. डॉक्टर हरखले. फक्त ती आता दगडासारखी ताठ होती. रस्त्यावर विडीचं थोटूक पडलेलं असलं तरी आत बसलेल्याला कळे. मी एकदा रेवदंड्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो आणि पहिल्या तासाला वर्गात खंडांची नावं सांगताना माझे दात वाजत होते.

ही अशी मोटार असताना तो प्रसंग आला.

रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली एक तरुण बाई अडली होती. पहिलटकरीण. आदल्या दिवसापासून कळा, पण मूल पुढे सरकत नव्हतं. सुईणीने हात टेकले तेव्हा डॉक्टरांना बोलावणं गेलं. त्यांनी तपासलं आणि अलिबागच्या सरकारी इस्पितळात न्यायचं ठरवलं. मागच्या बाकावर तिला आडवं केलं, तिचं डोकं मांडीवर घेऊन तिची सासू धाकलूबाय बसल्या. धाकलूबाय बापाच्या मचव्यावर वाढलेल्या, खोल समुद्रात जाऊन आलेल्या. त्यांना बोट कधी लागली नव्हती. डॉक्टरांची मोटार चौलच्या आतच लागली. नागावात पोचेपर्यंत त्या अशा गळाल्या की सुनेला धरायचं राहिलं, त्यांनाच कोणीतरी धरायची वेळ आली.

दुपारची वेळ. शाळेला सुट्टी होती, मी ओटीवर वाचत होतो. मोटार फाटकाशी थांबली आणि डॉक्टर जवळजवळ पळतच खाली उतरले. धाकलूबाईंना त्यांनी उतरवून माझ्या हवाली केलं. आतून ती मुलगी ओरडत होती. तिला धरायला कोणीतरी हवं होतं आणि बाईमाणूस हवं होतं. डॉक्टर अंगणात उभं राहून नुसतं इकडेतिकडे बघायला लागले. मी त्यांना इतकं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या तोंडून हाकसुद्धा निघेना. मला वाटतं, या मोटारीसाठी माईंना हाक मारायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटत असावं.

माई स्वयंपाकघरातून आल्या. हात पदराला पुसत त्यांनी एकदा मोटारीत पाहिलं. मग वळून घरात गेल्या, दोन स्वच्छ धोतरं आणि कात्री घेऊन बाहेर आल्या आणि दार उघडून आत बसल्या.

"अहो, उभे काय राहिलात? चला."

मोटार गेली. मी धाकलूबाईंना कोकमाचं सरबत दिलं. त्या ओटीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या आणि दर थोड्या वेळाने विचारत होत्या, "पोचली आसंल का, मास्तर?" मी दर वेळी "पोचली असेल" म्हणत होतो. मला काहीच माहीत नव्हतं. त्या मुलीचा चेहरा मी पाहिला होता आणि ती परत येईल अशी माझी खात्री नव्हती.

पुढचं मी दोघांच्याही तोंडून ऐकलं आहे आणि दोन्ही हकिगती जुळत नाहीत. डॉक्टर म्हणत की आपण मोऱ्यांवर गाडी अगदी जपून घेतली. माई म्हणत की यांनी एकही मोरी सोडली नाही. आक्षीच्या अलीकडे एक मोठा धक्का बसला एवढं दोघांनाही मान्य होतं. त्या धक्क्यानंतर माई ओरडल्या, "थांबवा." डॉक्टर थांबले, मागे धावले, आणि सुरूच्या झाडांच्या सावलीला, त्या मोटारीच्या मागच्या बाकावर मूल जन्माला आलं. ते लगेच रडलं नाही. माईंनी त्याला उलटं धरलं, डॉक्टरांनी पाठीवर चापट्या मारल्या, आणि दोघं एकमेकांकडे न बघता ते रडायची वाट पाहत राहिली. मग ते रडलं. डॉक्टर तिथेच रस्त्यावर बसले. माई म्हणाल्या, "बसताय काय, हिला इस्पितळात न्यायचंय अजून."

संध्याकाळी मोटार परत आली तेव्हा धाकलूबाय फाटकात उभ्या होत्या. मुलगा झाला आणि सून सुखरूप आहे, हे ऐकल्यावर त्या मोटारीपाशी गेल्या आणि तिच्या मडगार्डवर त्यांनी हात फिरवला. "या गारीनं हादरवला म्हनून पोर भायेर आला," त्या म्हणाल्या. "नायतर अजून बसली आसती."

डॉक्टरांनी त्यांना शास्त्रीय कारण सांगायचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. आठवड्याभरात कोळीवाड्यात बातमी पक्की झाली की डॉक्टरांच्या मोटारीत बसलं की बाई सुटते. दिवस भरलेल्या बायका दवाखान्यात येऊन औषध नको म्हणत, मोरीपर्यंत एक फेरी मारा म्हणत.

खरी गोष्ट घरात घडली. त्या रात्रीच्या जेवणाला मी तिथेच होतो. डॉक्टर मान खाली घालून भात कालवत होते. माई वाढता वाढता म्हणाल्या, "कलत नाही ती आता."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "नाही. कलत नाही."

"पण माझं अंग खिळखिळं झालं. एवढी ताठ कशाला?"

"खाली आणली की ताठ करावी लागते. नाहीतर घासते."

"थोडी कमी खाली आणा, थोडी कमी ताठ करा."

डॉक्टरांनी घास तोंडात नेता नेता थांबवला. एवढी वर्षं ते गाडी जास्तीत जास्त किती खाली येईल ते शोधत होते. कमीत कमी किती आणली तर काम भागेल हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नव्हता.

कोळीवाड्याचा विरोध होता. धाकलूबाय दोन टोपल्या बोंबील घेऊन आल्या आणि "पाटं बदलू नका" म्हणून गळ घालून गेल्या. डॉक्टरांनी बोंबील ठेवून घेतले आणि पाटे बदलले. मुंबईच्या एका कारखान्यात त्यांनी बाक ठरवून, पोलादाला नीट पाणी देऊन पाटे करून घेतले. गोणपाटात गुंडाळून रेवसच्या लाँचने ते स्वतः घेऊन आले. हसन मिस्त्रींनी ते चढवले. मग सुरू झाली माईंची परीक्षा. माई पुढच्या बाकावर, मांडीवर ताकाचा वाडगा, डॉक्टर स्टिअरिंगच्या चक्रापाशी. आक्षीच्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं. ताक सांडलं तर हसन मिस्त्रींनी एक पाटा कमीजास्त करायचा. अशा फेऱ्या पुष्कळ दिवस चालल्या. माझ्या हिशेबाने काम पहिल्या आठवड्यातच झालं होतं. पुढे दोघं ताकाचा वाडगा न घेताच जायला लागली, तरी डॉक्टर त्याला परीक्षाच म्हणत.

शेवटी मोटार मूळच्यापेक्षा दोनच बोटं खाली राहिली. मला तर फरकही दिसला नाही. तसं मी बोललो तर डॉक्टर खूश झाले. "दिसला नाही ना? बसलं की कळतं." मोरीवर घासत नव्हती, वळणावर झुकत नव्हती, आणि पोस्टमास्तर आता स्वतःहून बसायला मागत होते. दमणी वाडीत नारळ वाहायच्या कामाला लागली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी माझी मुरुडच्या शाळेत बदली झाली. निघायच्या दिवशी डॉक्टर आणि माई मला रेवदंड्याच्या बंदरावर पोचवायला आले. सामान बरंच होतं, पुस्तकं होती. डॉक्टरांनी ते मागे कसं रचायचं ते स्वतः ठरवलं. बंदरावर त्यांनी माझा हात धरून नाडी बघितल्यासारखी दाबली आणि मुरुडला पाणी जड आहे, उकळून प्या, असं सांगितलं. माईंनी आमसुलांची बरणी दिली.

खाडीपल्याड साळावला नेणारी होडी सुटली. मी सामानावर बसून किनाऱ्याकडे तोंड केलं. दोघं थोडा वेळ उभी होती, मग मोटारीकडे वळली. डॉक्टर डाव्या बाजूला गेले, दार उघडून आत बसले आणि औषधांची पेटी मांडीवर घेतली. मला वाटलं, ते बाजू चुकले. तेवढ्यात माईंनी उजवीकडचं दार उघडलं, पदर खोचला, बाकावर एक उशी ठेवली आणि चक्रामागे बसल्या. त्या मोटार चालवायला कधी शिकल्या, किती दिवस चालवत होत्या, मला एकाच वाडीत राहून पत्ता नव्हता. मोटार एकदा मागे घसरली, एकदा गचका देऊन थांबली. डॉक्टर काहीतरी सांगत असावेत, कारण माईंनी हात वर करून त्यांना गप्प केलेलं मला होडीतून दिसलं. मग मोटार सुरळीत निघाली आणि चढ चढून वेशीकडे वळली. पुढे एक बैलगाडी होती. माईंनी सावकाश वेग कमी केला आणि तिच्या मागोमाग, बैलाच्या चालीने जात राहिल्या. डॉक्टरांनी खिडकीबाहेर कोपर टेकवलं होतं आणि ते रस्त्याकडे न बघता माईंकडे बघत होते.